काल पण हेच खाल्लं होतं

मंगळवारी पहाटे पावणेसहाला बोट टोचलं तर शुगर २४३. सोमवारी त्याच वेळी, त्याच मीटरवर, त्याच डबीतल्या स्ट्रिपवर ११२ होती. रविवारी रात्री दोन फुलके, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, काकडीची कोशिंबीर. सोमवारी रात्री पण तेच, अगदी तेच, कारण दोडका जास्त झाला होता आणि आमच्याकडे भाजी टाकायची पद्धत नाही. इन्सुलिन तेवढंच, झोपायची वेळ तीच, कुशीवर वळून "अरे पंखा कमी कर" म्हणायची वेळ पण बहुतेक तीच असेल.

नवरा ओट्यापाशी चहा टाकत होता, मीटरचा बीप ऐकून न बघताच म्हणाला, "किती?"

"दोनशे त्रेचाळीस."

"काय गं, काय खाल्लंस काल?"

आता ह्यात त्याची काही चूक नाही. सगळेच हे विचारतात. सासूबाई विचारतात, ऑफिसातली शेजारची बाई विचारते, पॅथॉलॉजीत रक्त काढणारा मुलगा सुद्धा रिपोर्ट देताना विचारतो. एकवीस वर्षं झाली मला टाईप वन डायबेटिस, म्हणजे ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही तो, निघून (तेव्हा २७ वर्षांची होते, आधी आठ महिने टाईप टू समजून गोळ्या दिल्या, मग एकदा अंगाने भलतीच उतरले तेव्हा कुठे अँटीबॉडीची टेस्ट झाली, ते पुराण नंतर कधीतरी), आणि ह्या एकवीस वर्षांत "काय खाल्लंस" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याचं उत्तर म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. खाण्याने शुगर वाढते हे खरंच आहे, ते मी नाकारत नाहीये. पण सुई टोचून जगणाऱ्या माणसाची शुगर खाणं सोडून आणखी कशाकशाने वर-खाली होते ते जर मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर माझी दहा-पंधरा वर्षं स्वतःला शिव्या घालण्यात गेली नसती.

माझं गणित आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी इन्सुलिन टोचायची दोन पेन वापरते. एक रात्री दहाचं, दिवसभर हळूहळू पुरणारं, ग्लार्जीन. दुसरं जेवणाआधीचं झटपट, जे पंधरा-वीस मिनिटांत कामाला लागतं, तास-दीड तासात जोरात असतं आणि चार-एक तासांत संपतं. माझ्यासाठी साधारण १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट लागतं आणि १ युनिटने माझी शुगर ५० च्या आसपास उतरते. हे माझे आकडे आहेत, कृपया कोणी आपल्या आईला लावू नका, प्रत्येकाचे वेगळे असतात आणि ते डॉक्टरांबरोबर बसूनच काढावे लागतात.

तर पहिलं कारण, पोटावर इन्सुलिन टोचून झालेल्या गाठी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण ह्याने माझी सगळ्यात जास्त वर्षं खाल्ली.

चार वर्षांपूर्वी डॉक्टर बदलले. नव्या दवाखान्यात एक डायबेटिस एज्युकेटर मॅडम होत्या, त्यांनी पहिल्याच भेटीत फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, झोपा जरा, पोट दाखवा. सतरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं पोट बघत होतं! एरवी सगळे कागद बघतात. त्यांनी बोटांनी चाचपून माझाच हात धरून बेंबीच्या उजवीकडे ठेवला आणि म्हणाल्या, आता इथे दाबा, आता थोडं वर दाबा, फरक कळतोय? कळत होता. उजवीकडे आणि डावीकडे एकेक जागा, लिंबाएवढी, मऊसर रबरासारखी. मला वाटायचं ते वयाने सुटलेलं पोट आहे.

एकाच जागी परत परत इन्सुलिन टोचलं की त्या जागची चरबी फुगते, कारण इन्सुलिनचा गुणच तो आहे, चरबी साठवायला लावणं. आणि गंमत अशी की त्या गाठीवर टोचलं तर दुखत नाही. मग आपण काय करतो, जिथे दुखत नाही तिथेच टोचतो. मी डाव्या-उजव्या त्या दोन जागा "माझ्या लकी जागा" म्हणायचे, विश्वास ठेवा. आणि त्या गाठीतून इन्सुलिन रक्तात जातं ते सरकारी फायलीसारखं, कधी चार दिवस हलत नाही, कधी एकदम सगळं पुढे. म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी २८० आणि मग पाच तासांनी, जेव्हा जेवण कधीच पचून गेलंय तेव्हा, ६२. आणि मी डायरीत लिहीत बसले होते "भात जास्त झाला का?"

सुईचं पण विचारलं त्यांनी. किती वेळा वापरता? मी खोटं बोलणार होते पण बोलले नाही, म्हटलं आठवडाभर. त्या काही ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. एकच सुई परत परत वापरली की तिचं टोक वाकतं, आतली जागा जास्त दुखावते आणि गाठींना आमंत्रण मिळतं. सुई एकदाच वापरायची असते, हे पेनच्या खोक्यात लिहिलेलं असतं आणि आपण मध्यमवर्गीय लोक ते वाचून खोकं रद्दीत टाकतो. आता मी रोज बदलते. प्रत्येक टोचण्याला नवी घेते असं म्हणाले तर ते खोटं होईल.

मग त्यांनी पोटाचे चार भाग करून दिले, एका भागात एक आठवडा, दोन टोचण्यांत एक बोटाचं अंतर, रात्रीचं मांडीत, आणि त्या गाठींना सहा महिने तरी हात लावायचा नाही. आणि जाताना बजावलं की जागा बदलली की इन्सुलिन नीट लागू पडेल, म्हणजे आत्ताचा डोस जास्त होईल, म्हणून कमी करून दिलाय तेवढाच घ्या, चेक करत रहा. मी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घाईत हाताने सवयीने जुनाच आकडा फिरवला आणि नव्या कोऱ्या जागी टोचून मी मंडईत गेले.

मंडईतली ती दुपार मी कधीच विसरणार नाही. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, पैसे दिले, मग गवार बघितली आणि मला गवारीचा भावच कळेना. म्हणजे मावशी सांगत होत्या, ऐकू येत होतं, पण आकडा डोक्यात बसत नव्हता. मान आणि पाठ घामाने भिजली होती आणि मी मनात म्हणत होते ऑक्टोबर हीट. मी पर्समधून परत पैसे काढले. मावशी म्हणाल्या, "अहो ताई, मेथीचे दिलेत तुम्ही मगाशी, दुसऱ्यांदा काय देताय?" मी म्हणे काहीतरी पुटपुटले आणि तिसऱ्यांदा नोट पुढे केली. त्या बाईने एक क्षण माझ्याकडे बघितलं, हाताला धरून पोत्यावर बसवलं आणि विचारलं, "शुगर हाय का तुमाला?" मी मान हलवली असणार. त्यांनी कोणत्यातरी पोराला रसवंतीवर पळवलं. "बर्फ नको, नुस्ता रस आन." अर्धा ग्लास उसाचा रस पोटात गेल्यावर पाच-सात मिनिटांनी गवारीचा भाव कळला. मीटर काढलं तेव्हा ५८ होती, रस पिऊन, म्हणजे आधी किती असेल ते असेल. त्यांचे मिस्टर इन्सुलिनवर आहेत असं नंतर कळलं. ताई म्हणून हाक मारली, गवार मोजून दिली, आणि रसाचे पैसे घेतले नाहीत.

स्कूटरवर असते तर काय झालं असतं हा विचार मी मुद्दाम करत नाही, पण तेव्हापासून चावी लावायच्या आधी शुगर बघते, १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाते, दहा मिनिटं थांबते, उशीर झाला तर झाला.

लो झाल्यावर काय करायचं ते सगळ्यांना पाठ असतं: ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे साखर नाहीतर ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटं थांबायचं, परत बघायचं. ती पंधरा मिनिटं थांबून दाखवा! शरीर आतून ओरडत असतं की खा, खा, मर-मर करून खा, आणि आपण फ्रीजसमोर उभे. मंडईतून घरी आल्यावर मी त्या भीतीने अर्धा पुडा बिस्किटं, केळं आणि सकाळचा शिरा खाल्ला आणि रात्री २९० होती. तेव्हा मात्र "काय खाल्लंस" हा प्रश्न योग्य होता. आणि हो, चॉकलेट, बर्फी, लाडू लो वर देऊ नका कोणाला. त्यातल्या तूप-चरबीने साखर रक्तात जायला वेळ लागतो. साधी साखर द्या, आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना.

आता आंब्याची गोष्ट. मे महिना, घरी पाहुणे, मी डझनभर पायरी आंबे पिळून रस काढला. एक थेंब तोंडात घातला नाही, कारण जेवण दीडला होतं आणि मला तेव्हाच मोजून वाटीभर घ्यायचा होता. नळाखाली हात जरा ओले केले, पदराला पुसले, आणि जेवणाआधी बोट टोचलं तर ३१८. मला रडूच आलं. काही न खाता ३१८! रागारागाने ४ युनिट करेक्शन, म्हणजे वाढलेली शुगर उतरवायचं वरचं इन्सुलिन, घेतलं, म्हटलं आधी उतरू दे मग जेवू. तासाभरात हात थरथरायला लागले, ५२. नंतर कळलं की बोटाला आंब्याचा रस चिकटलेला असला की मीटर रक्तातली नाही, आंब्यातली शुगर मोजतं. रक्ताचा थेंब केवढासा, त्यात फळातल्या साखरेचा अंश मिसळला की आकडा कुठल्या कुठे जातो. सॅनिटायझर किंवा स्पिरिटच्या कापसाने पण ते नीट जात नाही, साबण-पाण्याने हात धुवून कोरडे करावे लागतात. खरी शुगर तेव्हा दीडशेच्या आसपास असणार. आणि ज्या आमरसाला मी हात लावून पण तोंड लावलं नव्हतं तो शेवटी ग्लुकोजच्या मागोमाग मलाच उभ्या उभ्या प्यावा लागला, पाहुणे बघतायत, आणि एका आत्याबाईंनी म्हटलंच, "अगं, तुला शुगर ना?"

मीटर सुद्धा काही देवाचा कौल नाहीये. घरगुती मीटरला १५ टक्के इकडे-तिकडे मान्य आहे, म्हणजे माझी ती सोमवारची ११२ ही खरी ९५ पण असू शकते आणि १२९ पण.

दिवाळीचं तर मी स्वतःच शोधून काढलं. पहिल्या आंघोळीला पहाटे पाचला उठलो, आंघोळी झाल्या की लगेच फराळ म्हणून मी शहाणपणा करून आधीच इन्सुलिन टोचून घेतलं, पोटात. मग तेल लावणं, उटणं, कढत पाणी, मुलगी बाथरूममधून बाहेर येईना, दीर पाषाणहून यायचे होते ते साडेसातला आले. मी सात वाजताच रांगोळीपाशी बसले होते ती उठेचना, ५५. टोचलेल्या जागेला चोळलं की आणि गरम पाण्याने रक्त तिकडे धावलं की इन्सुलिन भराभर शोषलं जातं. मी तर तेल चोळून, वर कढत पाणी घेऊन, वर जेवण लांबवून सगळं एकदम केलं होतं. आता अभ्यंगस्नान आधी, चकली हातात आली की मग पेन.

उन्हाळ्याची एक गोष्ट. एप्रिलमध्ये लक्ष्मी रोडला लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो, पेन स्कूटरच्या डिकीत राहिलं, तीन तास उन्हात. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा पेन हाताला गरम लागत होतं. पण आतलं इन्सुलिन स्वच्छ पाण्यासारखं, काही फरक नाही दिसायला, म्हणून तेच वापरत राहिले. पुढचे तीन दिवस २६०, २९०, २७५. करेक्शन घेतेय, काही होत नाही. पाण्याला पाणी टोचत होते मी. चौथ्या दिवशी फ्रीजमधलं नवं पेन काढलं आणि दुपारपर्यंत १४०. न उघडलेलं फ्रीजमध्ये २ ते ८ अंशात ठेवायचं, दरवाजात ठेवलेलं बरं, बर्फाच्या कप्प्याजवळ नको कारण गोठलं की ते कायमचं वाया. उघडलेलं बाहेर चालतं, पण उन्हात नाही, आणि साधारण २८ दिवसच. मी आता पेनवर मार्करने तारीख लिहिते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी मातीच्या माठाची युक्ती करावी, दोन भांडी, मधे ओली वाळू, ती खरंच चालते.

माझ्या बाबांचं वेगळंच होतं. ते दुधट रंगाचं मिक्स इन्सुलिन घ्यायचे, ३०-७० वालं, बाटलीतून सिरिंजने. शुगर कधी ९०, कधी ३५०, आणि आई त्यांच्या मागे लागायची की बाहेर मिसळ खाऊन येता. (खायचे, पण महिन्यातून एकदा, रोज नाही.) मी एकदा सुट्टीत त्यांना घेताना बघितलं तर ते बाटली फ्रीजमधून काढून सरळ उपसायचे, न हलवता. त्या इन्सुलिनमधला पांढरा भाग खाली बसतो, तो हलकेच मिसळावा लागतो, तळहातात दहा वेळा फिरवायचं आणि दहा वेळा वर-खाली कलंडवायचं, खळखळ हलवायचं नाही, फेस होतो. बाबा अर्धी बाटली पाणचट घ्यायचे आणि उरलेली अर्धी दाट. त्यांची मिसळ निर्दोष सुटली, पण तोपर्यंत त्यांनी ती सोडून दिली होती, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. आणि बाटली वापरणाऱ्यांनी सिरिंज नीट बघून घ्या: आपल्याकडे बाटल्या बहुतेक ४० च्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट, त्याला लाल टोपणाची ४० चीच सिरिंज लागते. पेनमधलं असतं १०० चं. पेनचं कार्ट्रिज सिरिंजने उपसून ४० च्या खुणेवर मोजलं तर अडीचपट डोस जातो अंगात. हे घराघरांत होतं, पेन बिघडलं की.

सल्ले देणाऱ्यांबद्दल काय बोलू. पुण्यात सल्ला फुकट मिळतो, मागावा पण लागत नाही. रिक्षावाल्या काकांनी जांभळाच्या बियांची पावडर सांगितली, सोसायटीतल्या एकांनी कारल्याचा रस, आणि वर कायम, "तू तर एवढी बारीक, तुला कशी शुगर?" बारीक दिसणाऱ्या माणसाच्या आत पण चरबी लपलेली असू शकते हे पुण्यातच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिलंय, पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं अभ्यासून. पण ते टाईप टू साठी. माझं प्रकरण वेगळं, माझ्या शरीराने स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यात, तिथे कारलं काय करणार बिचारं. पावडर खायची तर खा पण सुई सोडू नका. मी एकदा सोडली होती, सुरुवातीच्या वर्षांत, उलट्या होत होत्या म्हणून, म्हटलं खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला. दीड दिवसात रक्तात कीटोन (साखरेऐवजी चरबी जळते तेव्हा होणारं आम्ल) वाढून आयसीयूत. आजारपणात शुगर उलट वाढते, उपाशी असलात तरी लिव्हर साखर सोडत राहतं, रात्रीचं इन्सुलिन कधीच बंद करायचं नसतं. हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

उपासाचं एका वाक्यात: साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे, आणि "उपासाचं चालतं" हे देवाला चालतं, माझ्या पॅनक्रियाजला (स्वादुपिंडाला) नाही. सासूबाई संकष्टीला माझ्यासाठी वरीचा भात करतात, तो पण काही कमी नाही, पण प्रेमाने करतात म्हणून मी मोजून खाते आणि मोजून टोचते. गणपतीत उकडीचे मोदक दोन. दोन म्हणजे दोन, त्याचं इन्सुलिन आधी घेऊन, आणि त्या वेळी माझ्या ताटाकडे कोणी बघितलं तर मी तिसरा पण घेते, ही धमकी घरात सगळ्यांना माहीत आहे.

सेन्सर लावून बघितलाय, दंडावर चिकटवतात तो, चौदा दिवसांचा. सतत परवडत नाही, वर्षातून तीन-चारदा लावते. त्याने पहिल्यांदा कळलं की मी दोन बिंदू बघून मधली रेघ मनानेच काढत होते, आणि खरी रेघ म्हणजे वरंधा घाट. संध्याकाळी तळजाईला तासभर चालून आले की त्याचा परिणाम रात्री दोन-तीन वाजता दिसतो हे सेन्सरनेच दाखवलं, स्नायू आपली संपलेली साखर झोपेत भरून घेतात. पहाटेचं पण कळलं: आधी आठवडाभर रात्री तीनचा गजर लावून बोट टोचायचे तेव्हा तीनला ११८, सहाला १७०, न खाता, म्हणजे पहाटेचे हार्मोन लिव्हरला उठवतात. तीनला ६० निघाली असती तर गोष्ट वेगळी, तेव्हा रात्रीचा डोस कमी करावा लागतो. त्यामुळे सकाळची शुगर जास्त दिसली की सरळ रात्रीचं इन्सुलिन वाढवणारे जे शूर लोक आहेत त्यांनी आधी तीनचा गजर लावावा.

पण सेन्सर पण फसवतो बरं का. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, पाच-दहा मिनिटं मागे असतो. आणि त्या दंडावर झोपलं की दाबाने खोटी लो दाखवतो. पहिल्या सेन्सरच्या तिसऱ्या रात्री अलार्म ओरडला, ५१, मी अंधारात चार चमचे साखर खाल्ली, नवरा घाबरून उठला, मुलगी उठली, बोट टोचलं तर, साखर नुकतीच पोटात गेलेली, १२१. मी डाव्या कुशीवर होते एवढंच. सकाळी २३०. काय खाल्लंस? साखर, पहाटे तीन वाजता, मशीनच्या सांगण्यावरून.

आणि एक कारण आहे ते कुठल्याच डायरीत लिहिलं जात नाही, ते म्हणजे मी. २५० बघितली की डोकं फिरतं. ३ युनिट घेते. पाऊण तासाने बघते, २४५. अजून २. परत पाऊण तासाने, अजून २. पहिल्याचा जोर अजून यायचाय आणि मी त्यावर दुसरं रचतेय, मग दोन तासांनी सगळं मिळून एकदम येतं आणि मी फ्रीजसमोर. रागाने घेतलेलं इन्सुलिन असं मी त्याला म्हणते. आता नियम केलाय की एकदा करेक्शन घेतलं की तीन तास मीटर कपाटात, किल्ली मुलीकडे. किल्ली खरं म्हणजे टेबलावरच असते, पण ती "आईऽऽ" म्हणून बघते ते पुरतं.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की सगळी कारणं शोधली की झालं. नाही होत. एकाच माणसाला, एकाच जागी, तेवढंच इन्सुलिन दिलं तरी ते रोज सारखं शोषलं जात नाही, हे औषध बनवणाऱ्यांना पण मान्य आहे. त्यात पाळीच्या आधीचे चार दिवस, आता चाळिशीच्या पुढे तर पाळीचंच वेळापत्रक राहिलं नाही, अपुरी झोप, दात दुखणं, मुलीची बारावी. अगदी पहिल्या पेशंटचं सुद्धा पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नव्हतं. टोरांटोत ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं, शुगर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. बारा दिवस थांबून, अर्क जास्त शुद्ध करून, २३ तारखेला परत दिलं तेव्हा तो उठून बसण्याच्या मार्गाला लागला. मला त्या मधल्या बारा दिवसांचा विचार येतो कधीकधी. त्याच्या खोलीत कोणी "काय खाल्लंस" विचारलं नसणार, कारण तेव्हा इन्सुलिन नसलेल्या मुलांना जवळजवळ उपाशीच ठेवायचे.

तर ती मंगळवारची २४३. हात धुऊन परत टोचलं, २३६. पेन आठ दिवसांपूर्वीच उघडलेलं. जागा मांडीची, गाठ नाही. ताप नाही, सर्दी नाही, पाळीचा पत्ता नाही. टोचताना सुई दहा सेकंद आत धरली होती, बाहेर थेंब आला नव्हता, निदान मला तसं आठवतंय. तीनला मी उठले नव्हते त्यामुळे तीनची माहीत नाही. २ युनिट घेतली, पोहे पाऊण तास उशिरा खाल्ले, अकराला १४६.

नवऱ्याने डबा भरता भरता विचारलं, "मग कशाने वाढली?" मी म्हटलं माहीत नाही. त्याला हे उत्तर अजून जमत नाही, इंजिनिअर आहे. डायरीत त्या दिवसापुढे मी नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. ह्या वर्षातलं हे बारावं.

दोडका मात्र संपला.